मोजलं ते सुधारलं

विमानतळावर नोकरी करते असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे एअर होस्टेस का?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा जरा पडायचा. दुसरा प्रश्न मात्र काळाप्रमाणे बदलत गेला. नव्वदच्या दशकात लोक म्हणायचे, "सरकारी ना? मग काय, चिंताच नाही." २००६ नंतर विचारू लागले, "आता ते जीव्हीकेचं झालं ना?" आणि २०२१ नंतर, "अदानींनी घेतलं म्हणे!" या तिन्ही काळांत मी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर टर्मिनल ऑपरेशन्समध्ये होते. विमानतळ नेमका कोणाचा, याचं एका वाक्यात उत्तर मला कधीच देता आलं नाही. आता निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून ते जरा सविस्तर देते.

आधी सोपा भाग. विमानतळ विकलेला नाही. जमीन सरकारी मालकीची आहे आणि ती कराराने चालवायला दिलेली आहे. चालवणारी कंपनी म्हणजे मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड. तिच्यात ७४ टक्के वाटा खासगी भागीदारांचा आणि २६ टक्के भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारा कंट्रोल टॉवर आजही प्राधिकरणाकडे आहे. अंगझडती घेणारे जवान सीआयएसएफचे, पासपोर्टवर शिक्का मारणारे इमिग्रेशनचे, बॅग उघडायला लावणारे कस्टम्सचे. चेक-इन काउंटरवरची मुलं-मुली एअरलाइनची किंवा तिने नेमलेल्या हँडलिंग एजन्सीची. फरशी पुसणारा एका कंत्राटदाराचा, ट्रॉली गोळा करणारा दुसऱ्याचा, कॉफी देणारी मुलगी तिसऱ्याची.

मग कंपनीकडे उरतं काय? मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे जे उरतं तेच. भटजी त्याचे नसतात, आचारी त्याचे नसतात, बँडवाले तर नसतातच. पण जेवणाची पंगत अर्धा तास लांबली की वधूपिता त्याच्याच केबिनमध्ये येतो. ड्यूटी मॅनेजर म्हणून माझी सगळी कारकीर्द या केबिनमध्ये गेली. इमिग्रेशनची रांग लांबली तरी लोक माझ्यावर ओरडायचे आणि लंडनच्या विमानात बॅग चढली नाही तरी माझ्यावरच. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. प्रवाशाला दहा खात्यांशी देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी समोर एक इमारत असते आणि ती कोणीतरी चालवत असतं.

मी १९९४ साली रुजू झाले तेव्हा भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण नावाची वेगळी संस्था होती. देशांतर्गत विमानतळांचं वेगळं प्राधिकरण होतं. १ एप्रिल १९९५ला दोन्ही एक झाली. सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ साली सुरू झालेलं आणि नंतर तुकड्यातुकड्यांनी वाढवलेलं. २ए, २बी, २सी असे त्याचे भाग. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटायची, त्यामुळे आमचा दिवस रात्री अकराला सुरू व्हायचा. डोंबिवलीहून निघालेली मी अंधेरीला उतरून, रिक्षा करून ड्यूटीवर पोचायचे तेव्हा टर्मिनलसमोर गाड्यांची रांग सुरू झालेली असायची. आखाती देशांत जाणारी मुलं आणि त्यांना पोचवायला आलेलं अख्खं खानदान. रत्नागिरी, महाड, श्रीवर्धनहून सुमो भरून लोक यायचे. आत जाणारा एक, बाहेर रडणारे दहा.

तेव्हाचा कारभार कसा होता, हे आज रंगवून सांगायचा मोह होतो. एक बाजू अशी की शौचालयाचा नळ गळायला लागला की आधी तक्रार, मग सिव्हिल खात्याची पाहणी, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी. तोवर नळाखाली बादली. ट्रॉल्या होत्या, पण चाकं चारही एका दिशेला जातील याची खात्री नव्हती. दुसरी बाजू अशी की शिपाई, मेकॅनिक, फायरमन, लोडर अशा जागांवर कायम नोकरी होती. स्थानीय लोकाधिकार समितीच्या रेट्यामुळे लागलेली कितीतरी मराठी मुलं तिथे होती. त्यांनी त्या पगारावर बहिणींची लग्नं केली, विरार-बदलापूरला घरं घेतली. नळ गळायचा, पण माणसाच्या पायाखालची जमीन पक्की होती. दोन्ही गोष्टी एकाच कारभारातल्या आहेत, हे विसरून चालत नाही.

मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खासगी भागीदारीत देण्याची चर्चा २००३ पासून सुरू होती. त्याच साली प्राधिकरणाच्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली. निविदा आल्या, त्यांच्या मूल्यांकनावर वाद झाला, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखालच्या तज्ज्ञांनी ते पुन्हा तपासलं. प्रफुल्ल पटेल तेव्हा हवाई वाहतूक मंत्री होते. ३१ जानेवारी २००६ला निर्णय जाहीर झाला: दिल्ली जीएमआर या कंपनीकडे, मुंबई जीव्हीके या कंपनीच्या गटाकडे. दुसऱ्या दिवसापासून देशभरात प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी संप पुकारला.

तो संप मी आतून पाहिला. विमानं बहुतेक उडत राहिली, कारण टॉवर चालू होता. पण टर्मिनलचं जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. कचरा साठला, शौचालयांत पाय ठेववेना, ट्रॉल्या पार्किंगमध्ये विखुरलेल्या. प्रवासी नाकावर रुमाल धरून रांगेत उभे. घोषणा देणाऱ्यांत माझे मित्र होते आणि शिव्या घालणाऱ्या प्रवाशांत माझे शेजारी. चार दिवसांनी, चर्चेचं आश्वासन घेऊन, संप मिटला. त्या चार दिवसांत एक गोष्ट मात्र सगळ्यांना लख्ख दिसली. झाडूवाला आणि ट्रॉलीवाला थांबला की टर्मिनल थांबतं.

एप्रिल २००६मध्ये करार झाला आणि ३ मे २००६ला कंपनीने सूत्रं हाती घेतली. जीव्हीकेबरोबर दक्षिण आफ्रिकेतली विमानतळ चालवणारी कंपनी आणि तिथलाच बिडव्हेस्ट हा उद्योगसमूह भागीदार होता. मुदत तीस वर्षांची, पुढे आणखी तीस वर्षं वाढवण्याची तरतूद. आम्ही प्राधिकरणाचे कर्मचारी पहिली तीन वर्षं तिथेच राहून काम करायचं असं ठरलं होतं. त्यानंतर कंपनीने किमान ६० टक्के लोकांना नोकरी देऊ करायची आणि ती घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

बहुतेकांनी नाही म्हटलं. प्राधिकरणात राहिलं तर सेवाज्येष्ठता, वैद्यकीय सवलत, काहींना क्वार्टर. फार तर बदली. मी हो म्हटलं, आणि त्यामागे काही मोठं तत्त्व नव्हतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दहावीत, आणि बदली झाली असती तर ती कुठल्या कोपऱ्यात होईल याचा नेम नव्हता. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मला म्हणाले, "बाई, सरकारी नोकरी सोडून चाललीस. उद्या त्यांनी काढलं तर?" मी म्हटलं, "अण्णा, तिकडे निदान कारण तरी सांगतील." दोघंही हसलो, पण अण्णांची शंका रास्त होती. पुढे दोन-तीन वेळा ती मला रात्री आठवली.

नव्या राज्यात पहिला धक्का बसला तो घड्याळाचा. आम्हाला काम झालं की नाही एवढंच विचारलेलं ठाऊक. आता विचारू लागले, किती मिनिटांत झालं? हे कोणा साहेबाच्या डोक्यातून आलेलं खूळ नव्हतं. करारातच सेवेच्या दर्जाची परिशिष्टं होती. आंतरराष्ट्रीय विमान आलं की पहिली बॅग १५ मिनिटांत आणि शेवटची ४० मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. देशांतर्गत असेल तर १० आणि ३०. सुरक्षा तपासणीत ९५ टक्के प्रवाशांना १० मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागता कामा नये. लिफ्ट, सरकते जिने, पट्टे किती टक्के वेळ चालू असले पाहिजेत, त्याचेही आकडे. शिवाय गेटवर बसलेल्या प्रवाशांकडून तिमाही सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घ्यायचे, त्यात ठरावीक गुण मिळाले पाहिजेत. कमी पडलं तर दंड.

सुरुवातीला आम्ही या स्टॉपवॉचची टिंगल केली. पण वर्षभरात फरक दिसायला लागला. शौचालयाच्या दारामागे तासातासाला सही करायचा तक्ता आला आणि सही करणाऱ्यावर लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक आला. नळ गळला तर त्याच शिफ्टमध्ये दुरुस्त व्हायला लागला, कारण दुरुस्तीचं कंत्राट वर्षभराचं, दर नळामागे मंजुरीची गरज नाही. ट्रॉल्या नव्या आल्या. हे खासगी कंपनीने केलं आणि ते चांगलं केलं. प्राधिकरणातल्या माझ्या जुन्या मित्रांना हे ऐकायला आवडत नाही, पण खरं आहे ते खरं.

मोजमापाची दुसरी बाजूही तिथेच शिकले. पहिल्या बॅगेची वेळ मोजली जाते हे कळल्यावर एका हँडलिंग एजन्सीच्या लोकांनी युक्ती काढली. विमानाचा दरवाजा उघडला की एक बॅग उचलायची, ट्रॅक्टरवर टाकून धावत आणायची आणि पट्ट्यावर सोडायची. पहिली बॅग वेळेत! मग एकटी सुटकेस पट्ट्यावर गोल गोल फिरतेय आणि सव्वादोनशे माणसं तिच्याकडे बघत उभी. शेवटच्या बॅगेची वेळही कडक तपासायला लागलो तेव्हा तो खेळ थांबला. जे मोजाल ते सुधारतं, आणि नीट मोजलं नाही तर फक्त कागदावर सुधारतं.

जे मोजलंच जात नव्हतं, त्याचं काय? पोचवायला आलेल्या त्या श्रीवर्धनच्या कुटुंबासाठी करारात एकही आकडा नव्हता. सर्वेक्षणाचा फॉर्म गेटवर बसलेला प्रवासी भरतो. फूटपाथवर चादर अंथरून बसलेली त्याची आई भरत नाही. टॅक्सीवाल्यांना रात्रभर थांबायला जागा, त्यांना शौचालय, हाऊसकीपिंगच्या बायकांना कपडे बदलायला आणि डबा खायला खोली, यातलं काहीच गुणांत धरलं जात नव्हतं. कोणी चांगला अधिकारी आला की ते व्हायचं. त्याची बदली झाली की राहून जायचं. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. यादीत नव्हतं, एवढंच.

कंत्राटी कामगार प्राधिकरणाच्या काळातही होते, पण पुढे तेच बहुसंख्य झाले. ट्रॉल्या गोळा करणारा साताऱ्याकडचा एक मुलगा मी तीन वेगवेगळ्या गणवेशांत पाहिला. कंत्राट बदललं की जुना कंत्राटदार हिशेब करून मोकळा, नवा त्याच मुलाला नव्याने घेणार. जागा तीच, काम तेच, नोकरीची वर्षं मात्र पुन्हा शून्यापासून. तो म्हणायचा, "मॅडम, शर्ट नवा मिळतो दर खेपेला. तेवढंच." त्याचा एईपी, म्हणजे विमानतळावर प्रवेशाचा पास, नूतनीकरणाला गेला की आठवडा-दोन आठवडे त्याला आत येता यायचं नाही आणि त्या दिवसांचा पगारही मिळायचा नाही. पास लवकर मिळावा म्हणून मी फोन करायचे. एवढंच माझ्या हातात होतं.

नवं टी-२ टर्मिनल हा या सगळ्यातला सर्वांत मोठा अध्याय. जगातल्या बऱ्याच शहरांनी नवा विमानतळ मोकळ्या माळावर बांधला. मुंबईत माळ कुठून आणणार? एका बाजूला मिठी नदी, चहूकडे वस्त्या, आणि मधल्या मर्यादित जागेत जुनं टर्मिनल पाडत पाडत त्याच जागी नवं उभं करायचं, तेही रोजची विमानं न थांबवता. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकी कंपनीचा, बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं. आमचं काम म्हणजे दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या वाटा. आज ज्या दारातून प्रवासी जातात तिथे उद्या पत्र्याची भिंत. पाट्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. जुने प्रवासी म्हणायचे, "बाई, तीन महिन्यांपूर्वी इथे जिना होता." मी म्हणायचे, "खरंय, होता."

उद्घाटन १० जानेवारी २०१४ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं, पण प्रत्यक्ष विमानं १२ फेब्रुवारीपासून. मधला महिना आणि त्याआधीचे कित्येक महिने आम्ही सराव करत होतो. त्याला 'ओराट' म्हणतात. कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, कॉलेजची मुलं अशा लोकांना खोटे प्रवासी बनवायचं. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: तुम्ही व्हीलचेअरवरचे, तुमचं विमान चुकलं, तुमची बॅग जास्त वजनाची, तुमचं मूल हरवलं. मग सगळं खरंखुरं करून बघायचं आणि कुठे अडतं ते लिहायचं. माझ्या नणंदेला हरवलेल्या मुलाच्या आईची भूमिका मिळाली होती. तिने ती इतकी मनापासून केली की सीआयएसएफचा एक जवान खरोखर शोधाशोध करायला धावला.

या सरावांत मी जे शिकले ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते. कस्टम्स, इमिग्रेशन, सीआयएसएफ, एअरलाइन, हँडलिंग एजन्सी, सगळे एका टेबलाशी बसून एकमेकांची अडचण ऐकत होते. सरकारी काळात आमचा पत्रव्यवहार चालायचा. जावक क्रमांक टाकून पत्र जायचं, आवक क्रमांक पडून ठेवलं जायचं. इथे रात्री दोन वाजता सगळे त्याच बंद पडलेल्या पट्ट्यासमोर उभे. विमानतळ चालवणं म्हणजे मुख्यतः हेच: ज्यांच्यावर आपला अधिकार चालत नाही अशा माणसांकडून वेळेत काम करून घेणं. खासगी कंपनीचं खरं कसब मला देखण्या छतापेक्षा यात दिसलं.

टर्मिनल देखणं झालं यात शंका नाही. राजीव सेठी यांच्या संकल्पनेतून उभी राहिलेली 'जय हे' ही कलाभिंत आजही पाहण्यासारखी आहे. देशभरातल्या कारागिरांचं हजारो वस्तूंचं काम तिथे आहे. पण सुरक्षा तपासणी संपली की प्रवासी थेट दुकानांच्या मधोमध येतो, तो योगायोग नाही. इथे पैशाचं गणित येतं.

मुंबईसाठी जी बोली जिंकली तिच्यात कंपनीने प्राधिकरणाला उत्पन्नाचा ३८.७ टक्के वाटा देऊ केला होता. हा वाटा नफ्यातला नाही, एकूण उत्पन्नातला आहे. कंपनीच्या गल्ल्यात शंभर रुपये आले की ३८ रुपये ७० पैसे आधी प्राधिकरणाचे. उरलेल्यातून पगार, वीज, कर्जाचे हप्ते. शिवाय हा वाटा खर्च म्हणून दाखवून विमानांकडून घ्यायच्या शुल्कात वसूल करता येत नाही. हे शुल्क, म्हणजे लँडिंग, पार्किंग, प्रवाशांकडून घेतलं जाणारं यूडीएफ, एरा ही नियामक संस्था ठरवते. दुकानं, जाहिराती, गाड्यांचं पार्किंग यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमान शुल्क कमी ठेवण्यासाठी धरला जातो. बाकीच्या बाबतीत कंपनीला हात मोकळा. मग ती जोर कशावर देणार? दुकानांवर आणि जाहिरातींवर. कॉफी इतकी महाग का, असं मला लग्नाकार्यात विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगायचे. कपातल्या दुधाचा भाव वेगळाच असतो. त्यात दुकानदाराचं भाडं आहे, भाड्यात कंपनीचं उत्पन्न आहे आणि त्या उत्पन्नात सरकारचा वाटा आहे. सरकारने सर्वांत जास्त वाटा देणाऱ्याला विमानतळ दिला आणि तो वाटा शेवटी प्रवाशाच्याच खिशातून आला. लुटीचा राग एकट्या कंपनीवर काढणारे लोक यातला दुसरा भागीदार विसरतात.

एका गोष्टीपुढे मात्र सरकारी काय नि खासगी काय, दोघंही हात टेकतात. धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. मुख्य धावपट्टीवर माझ्या काळात ताशी ४६ विमानांची ये-जा व्हायची, म्हणजे साधारण ऐंशी सेकंदाला एक. ८ डिसेंबर २०१८ला चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. वर्तमानपत्रांनी विक्रम म्हणून छापलं. आम्हाला अभिमानही वाटला आणि धडकीही भरली, कारण इतक्या घट्ट वेळापत्रकात एक विमान अडकलं की सगळी माळ तुटते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवून रबर काढणं, दिवे, डांबर यांची कामं होतात. त्या सहा तासांची तयारी सहा महिने आधी सुरू होते.

जुलै २०१९च्या पहिल्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप उतरले, पण विमान निघेना. एअर इंडियाकडचं रुतलेली विमानं काढायचं खास साहित्य आणलं, मऊ जमिनीवर खडी टाकून वाट केली, वरून पाऊस. मुख्य धावपट्टी तीन दिवसांहून अधिक बंद राहिली, दुसरीवर कमी क्षमतेने काम. शेकडो उड्डाणं रद्द. टर्मिनलमध्ये लोक जमिनीवर झोपलेले. त्या दिवसांत मी घरी फक्त अंघोळीला गेले. संतापलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "एवढे पैसे घेता, तिसरी धावपट्टी का बांधत नाही?" कुठे बांधू, असं त्यांनाच विचारावंसं वाटलं, म्हटलं मात्र, "काका, पाणी आणून देऊ का?"

पुढच्या वर्षी करोना आला. २५ मार्च २०२०पासून देशांतर्गत उड्डाणंही थांबली. मुंबईच्या टॅक्सीवेवर एकामागोमाग एक उभी विमानं, इंजिनांना लाल आच्छादनं. २५ मे रोजी सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा मुंबईला दिवसाला २५ उड्डाणं आणि २५ आगमनं एवढीच परवानगी. २०१९-२०मध्ये साडेचार कोटींहून अधिक प्रवासी आले-गेले होते. पुढच्या वर्षी जेमतेम सव्वा कोटीच्या आत. प्रवासी नसतील तर प्राधिकरणाला द्यायच्या वाट्याचं काय, हा वाद लवादापुढे गेला. कंत्राटी कामगारांच्या वाट्याचं काय, हा वाद कुठेच गेला नाही. साताऱ्याचा तो मुलगा गावी गेला तो परत आला नाही.

१३ जुलै २०२१ला अदानी समूहाने व्यवस्थापन हाती घेतलं. आमच्यासाठी तो एक मंगळवार होता. पास तेच, शिफ्ट तीच, विमानं तीच. ऑगस्टमध्ये बाहेरच्या एका फलकावर नव्या मालकाचं नाव दिसल्यावर शिवसैनिकांनी तो फलक तोडला. विमानतळाचं नाव छत्रपती शिवाजी महाराजांचं आहे, ते बदललेलं नाही, असं कंपनीला स्पष्ट करावं लागलं. लोकांना फलकावरचं नाव दिसतं. करारातलं परिशिष्ट कोणाला दिसत नाही, आणि त्यांचा रोजचा अनुभव त्या परिशिष्टावर ठरतो.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. विमानतळ खासगी झाला हे चांगलं की वाईट? करारात ज्याचं माप आहे ते सरकारी काळापेक्षा बरंच चांगलं चालतं, हा माझ्या डोळ्यांदेखतचा अनुभव आहे. ज्याचं माप नाही ते नशिबावर चालतं. आणि माप ठरवणं हे कंपनीचं काम नव्हे, ते सरकारचं, म्हणजे आपलं काम आहे. मुंबईच्या कराराची पहिली तीस वर्षं २०३६मध्ये संपतात. नवी मुंबईचा विमानतळ २०२५मध्ये सुरू झाला, तोही याच पद्धतीने, सिडकोच्या २६ टक्के भागीदारीत चालतो आहे. मुंबईच्या कराराला मुदतवाढ देण्याची वेळ येईल तेव्हा पुन्हा 'कोणाला दिला' यावरच भांडण होईल. माझी विनंती आहे, त्या वेळी 'काय मोजणार' हेही विचारा. पोचवायला आलेल्या माणसांना बसायला जागा, टॅक्सीवाल्याला शौचालय, गणवेश बदलला तरी कामगाराची मोजली जाणारी वर्षं, पोट भरेल अशा परवडणाऱ्या दरातलं खाणं. हे सगळं त्या यादीत आकड्यांसह, दंडासह लिहून घ्या. एकदा यादीत आलं की कंपनी कुठलीही असो, ते होतं. मी करून दाखवलेलं आहे.